माशीने मासा धरताना

इंदूरला सराफ्यात मामांच्या गच्चीवर मी काठी हलवीत उभा राहिलो, की मामा खालून विचारीत, "काय रे, माशा मारतोस का?" थट्टा असली तरी गोष्ट खरी होती. पिसे आणि दोरा गळावर गुंडाळून केलेल्या खोट्या माशीने मासा धरायचा, यालाच फ्लाय फिशिंग म्हणतात. मराठीतला गळ कन्नडात 'गाळ' होतो, पण गळ टाकून बसणे वेगळे आणि माशी फेकणे वेगळे.

नेहमीच्या गळाला शिशाचे वजन असते. ते दोरी ओढून नेते. येथे सगळे उलट! माझी माशी मामांच्या काट्यावर गुंजभरही भरली नाही. तिला दूर नेते ते जाड दोरीचे वजन. म्हणून नुसता जोर लावून उपयोग नाही. काठी मागे नेल्यावर दोरी पाठीमागे सरळ होईपर्यंत थांबावे, मगच काठी पुढे आणावी. घड्याळाच्या भाषेत सांगायचे तर काठी दहा आणि एक यांच्या दरम्यानच फिरावी. सराव करताना गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधावा. मी तसे केले नाही, आणि माझी पहिली शिकार म्हणजे मामींचे वाळत घातलेले पातळ!

दिवाळीच्या सुट्टीत रीतसर परवानगी काढून खंडवा रस्त्यावरील चोरल नदीवर जाऊ लागलो. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे वहीत जमाखर्च मांडला: वेळ, जागा, झटके, मासे. पहिल्या सहा सकाळी झटके अकरा, मासे दोन. वहीमुळे तोट्याची दोन खाती स्पष्ट दिसली.

पहिले खाते, तासन् तास झटकाच नाही. याचे कारण बहुधा जागा किंवा ओढ. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो. म्हणून त्याच्या मागून, वाकून, सावली पाण्यावर पडू न देता जावे. धावते पाणी संथ पाण्याला मिळते तेथे आणि मोठ्या दगडांच्या आडोशाला माशी टाकावी. दोरीला प्रवाहाची ओढ बसली, की तरंगती माशी पाण्यापेक्षा वेगाने पळते आणि मासा ओळखतो. तेव्हा दोरीचा मधला भाग अलगद उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूस ठेवावा. लांब फेकण्याच्या हौसेपेक्षा जवळची अचूक फेक बरी.

दुसरे खाते, झटका बसतो पण मासा सुटतो. बुडती माशी ओढून घेताना झटका बसताच मी काठी उंच करीत असे, आणि माशी माशाच्या तोंडातून निसटे. काठीचे टोक पाण्याशी ठेवून डाव्या हाताने दोरी ताणावी, ती घट्ट झाल्यावरच काठी उचलावी. एवढे सुधारल्यावर पुढच्या चार सकाळी सात झटक्यांत चार मासे आले.

मात्र येथे एक प्रश्न उभा राहतो. पकड वाढली तर नदीत उरणार काय? चोरल ज्या नर्मदेला मिळते, तिच्यातील महाशीरला २०११ साली मध्य प्रदेशाने राज्यमत्स्याचा मान दिला. या माशाला वाहते, स्वच्छ पाणी आणि खडकाळ तळ लागतो. धरणांनी पाणी अडवले आणि त्याची जागा आकसली. म्हणून गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा, हात ओले करून मासा पाण्यातच धरावा आणि लगेच सोडावा. १६ जून ते १५ ऑगस्ट या प्रजननाच्या काळात तर या राज्यात मासेमारीलाच बंदी असते.

शेवटच्या दिवशी वीतभर लांबीचे महाशीरचे पिल्लू लागले. क्षणभर तळहातावर त्याचे खवले चमकले, आणि ते गेले. रात्री मामांनी विचारले, "मासा कुठे आहे?"

"सोडला."

"मग नफा काय झाला?"

"मामा, भांडवल नदीतच ठेवले."

मामा हसले. दुकानाचे शटर ओढून म्हणाले, "चल, गराडू खाऊ."