दुपारी दमणारा कॉम्प्युटर

शिरूर तालुक्यातल्या केंदूरहून आम्ही बोलतो आहोत. आज थोडे आमच्या गटाच्या कॉम्प्युटरविषयी. विषय ऐकून रेडिओ बंद करू नका. पुढच्या दहा-बारा मिनिटांत जे सांगणार आहोत, त्याने आमच्या गटाच्या बचतीतले पैसे वाचले आहेत. तुमचेही वाचतील.

गटाचे काम आता नुसत्या वहीवर भागत नाही. नाबार्डने २०१५ साली ई-शक्ती नावाचा उपक्रम सुरू केला, तो झारखंडमधल्या रामगढ आणि आपल्या धुळे जिल्ह्यापासून. बचत गटांच्या नोंदी वहीतून कॉम्प्युटरवर आणायच्या, म्हणजे बँकेला गटाचा व्यवहार लगेच दिसेल, हा त्यामागचा विचार. तेव्हापासून ठराव, हप्ते, कर्जाचे प्रस्ताव असे एकेक काम पडद्यावर सरकत गेले. म्हणून कॉम्प्युटर अडला की गटच अडतो.

आमचा अडला तो ऐन मार्चमध्ये. सकाळी अकराला चालू केला की घोड्यासारखा पळायचा. बारा-साडेबाराला एकेक अक्षर उशिरा उमटू लागायचे. दोन वाजेपर्यंत बटण दाबून चहा करून आणावा, तरी तो त्याच जागी. गटातल्या बारा जणींच्या कर्जाचा प्रस्ताव भरायचा होता. एका दुपारी तो इतका अडला, की बटण दाबून बंद करावा लागला आणि दोन तासांच्या नोंदी गेल्या. दुरुस्तीवाल्याला फोनवर विचारले. त्याने न बघताच सांगितले, "जुना झालाय, नवीन घ्या." मासिक सभेत ठराव मांडायचीही तयारी झाली होती. तेवढ्यात गटातल्या एका ताई म्हणाल्या, "म्हातारा झाला असता तर सकाळीही दमला असता. हा दुपारीच का दमतो?"

हा प्रश्न लाख मोलाचा निघाला. कॉम्प्युटर सुरुवातीपासूनच मंद चालतो का वापरता वापरता मंद होत जातो, हे आधी वेगळे करा. वापरता वापरता मंद होतो याचा अर्थ चालू असताना काहीतरी साठत जाते आहे. ते बहुतेक वेळा दोनांपैकी एक असते, उष्णता किंवा रॅमवरचा भार.

त्याआधी एक सोपी खात्री करून घ्या. मंद काय आहे, कॉम्प्युटर का इंटरनेट? सरकारी वेबसाइट उघडत नसेल, पण नोटपॅडमध्ये टाइप केलेले अक्षर लगेच उमटत असेल, तर कॉम्प्युटर निर्दोष आहे. रेंज कमी असेल, नाहीतर शेवटच्या तारखेमुळे त्या वेबसाइटवर गर्दी झाली असेल. नोटपॅडही रेंगाळत असेल, तर मात्र दुखणे घरातले आहे.

आता उष्णतेचे समजून घेऊ. कॉम्प्युटरच्या आत प्रोसेसर नावाचा भाग असतो. सगळी आकडेमोड तो करतो आणि करताना तापतो. त्याच्यावर धातूच्या पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो आणि त्यावर पंखा. ठोकळा उष्णता ओढून घेतो, पंखा ती बाहेर फेकतो. या पट्ट्यांच्या फटी धुळीने बुजल्या, की वारा आत जात नाही. मग प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःहून आपला वेग कमी करतो. भर उन्हात खुरपणाऱ्या बाईने सावलीला बसावे, तसेच ते. तो बिघडलेला नसतो, जीव वाचवत असतो. त्याहून जास्त तापला तर अचानक बंदही पडतो.

दुसरे कारण रॅमचे. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा समजा आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली. आत्ता लागणारे सामान ओट्यावर असते, बाकीचे कोठीत. तुम्ही एक वेबसाइट उघडली, दुसरी उघडली, मध्येच फोटो उघडला, आदली कुठलीच बंद केली नाही, तर ओटा भरतो. मग कॉम्प्युटर काही सामान कोठीत ठेवतो आणि लागेल तेव्हा पुन्हा आणतो. पोळी लाटताना प्रत्येक वेळी पिठाला कोठीत जावे लागले तर स्वयंपाक कधी व्हायचा? डिस्क रॅमच्या मानाने फारच मंद असते आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क तर त्याहून. काही प्रोग्रॅमनाही खोड असते. घेतलेली जागा ते परत सोडत नाहीत. आपण काही नवे न करताही ओटा भरत जातो.

मग आपले दुखणे यातले कुठले, हे कसे ओळखायचे? त्याची एक साधी परीक्षा आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही.

कॉम्प्युटर पुरता मंद झाला की काम सेव्ह करा आणि लगेच 'रिस्टार्ट' करा. 'शट डाउन' नको. हल्लीच्या विंडोजमध्ये शट डाउन केले तरी आतला काही भाग झोपवून ठेवलेला असतो, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे. पूर्ण नवी सुरुवात होते ती रिस्टार्टने. सुरू झाल्यावर पाच मिनिटे थांबा, कारण उठल्या उठल्या त्याचीच आवराआवर चालू असते. त्यानंतर कॉम्प्युटर छान पळू लागला, तर दुखणे रॅमचे. रिस्टार्टने ओटा रिकामा झाला, पण आतला भाग अजून गरमच आहे, तरी तो पळतो, म्हणजे उष्णता दोषी नाही.

रिस्टार्ट करूनही मंदच असेल, तर पूर्ण बंद करा आणि अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या. त्यानंतर सुरू केल्यावर पळाला, तर दुखणे उष्णतेचे. थंड होऊनही मंदच राहिला, तर डिस्क, व्हायरस अशी तिसरी कारणे शोधावी लागतील.

आम्ही ही परीक्षा केली. रिस्टार्टने फरक पडला नाही. पाऊण तासाने सुरू केला, तर सकाळसारखा पळाला. मग आम्ही खोलीकडे नीट पाहिले आणि आमचे आम्हालाच हसू आले. शेजारच्या खोलीत गटाची पिठाची गिरणी आणि मिरची कांडप. मधल्या दाराला फट. त्यात भर म्हणून गटातल्याच एकीने हौसेने विणलेले क्रोशाचे झाकण. धूळ बसू नये म्हणून आम्ही ते कॉम्प्युटर चालू असतानाही अर्धे वर ठेवायचो आणि त्याने मागची जाळी झाकली जायची. आधी पीठ खाऊ घातले आणि वर गोधडी पांघरली!

साफसफाई कशी करायची ते सांगतो. कॉम्प्युटर वॉरंटीत असेल तर स्वतः उघडू नका. लॅपटॉपही उघडू नका, त्याचे काम नाजूक असते. टेबलावरचा डबा असेल तर तो बंद करून मुख्य वायर काढा. सुरू करायचे बटण चार-पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. वायर आणि पट्ट्या जोडणाऱ्याचा पॉवर सप्लायचा बंद डबा कधीही उघडायचा नाही. बाजूची पाटी काढल्यावर आधी डब्याच्या उघड्या धातूला हात लावा आणि मगच आत घाला. कोरडा मऊ ब्रश घ्या. पंख्याचे पाते एका बोटाने धरून ठेवा आणि पट्ट्यांमधला थर हलकेच काढा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. ओले फडके तर मुळीच नको. धीर होत नसेल तर दुरुस्तीवाल्यासमोर बसून करून घ्या आणि प्रोसेसरवरची पेस्ट वाळली आहे का, तेही विचारा. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये लावलेली ही पेस्ट वर्षानुवर्षांनी वाळते आणि मग उष्णता वर पोचत नाही.

आमच्या डब्यातून पिठाचा आणि मिरचीचा थर निघाला. निम्म्या जणी शिंकत होत्या. पण दुसऱ्या दिवशी दुपारी कॉम्प्युटर मंद झाला नाही.

संध्याकाळी मात्र झाला. तेव्हा पुन्हा परीक्षा. या वेळी रिस्टार्टने लगेच सुधारला, म्हणजे रॅम. एका दुखण्यामागे दुसरे लपलेले होते. एक कारण सापडले म्हणजे सगळे सापडले, असे धरून चालू नये, हे इथे शिकलो.

रॅम बघायला विंडोजमध्येच सोय आहे. कीबोर्डवरची कंट्रोल, शिफ्ट आणि डाव्या कोपऱ्यातले एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क अशा रांगा असतात आणि प्रत्येकीच्या वर टक्के लिहिलेले असतात. 'मेमरी' या शब्दावर क्लिक केले, की जास्त जागा खाणारे प्रोग्रॅम वर येतात. आम्ही याची एक वही केली. तापाच्या माणसाचा जसा तक्ता ठेवतात, तशी. सकाळी अकरा, दुपारी एक, तीन आणि पाच, अशा चार वेळा तीन आकडे लिहायचे. चार दिवसांत चित्र स्पष्ट झाले. मेमरीचा आकडा सकाळी निम्म्यावर असायचा आणि पाच वाजता नव्वदीच्या पुढे. सगळ्यात वर नाव असायचे ब्राउझरचे. पाहिले तर वीस-बावीस वेबसाइट एकाच वेळी उघड्या. हवामान, बाजारभाव, तीन वेळा उघडलेले तेच पोर्टल आणि कुणाच्या तरी लेकराने लावून ठेवलेले गाणे.

यावर उपाय सोपे. काम झाले की ती वेबसाइट बंद करायची. जेवायच्या सुट्टीत एकदा रिस्टार्ट करायचे. टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' नावाची यादी असते, कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप उठणाऱ्या प्रोग्रॅमची. त्यातले ओळखीचे आणि रोज न लागणारे 'डिसेबल' करायचे. नाव ओळखीचे नसेल तर हात लावायचा नाही. एवढे करूनही रॅम पुरत नसेल तर वाढवता येते. आमच्यात ४ जीबी होती, ती ८ केली. जुन्या रॅमचा प्रकार आणि नव्याचा प्रकार जुळावा लागतो, म्हणून जुनी दाखवूनच घ्यावी. सगळा खर्च नव्या कॉम्प्युटरच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाच्याही आत बसला.

आता तिसऱ्या कारणांकडे वळू. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा सतत शंभराला टेकलेला असेल, तर विंडोजचे अपडेट किंवा व्हायरसची तपासणी आत चालू असू शकते. तासाभरात आकडा उतरला तर काळजी नाही. डिस्क गच्च भरली असेल तरी मंदपणा येतो, सी ड्राइव्हमध्ये थोडी जागा नेहमी मोकळी असावी. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा फाइल उघडताना वारंवार अडत असेल, तर दुसरे काही करण्याआधी गटाच्या सगळ्या नोंदी पेनड्राइव्हवर उतरवा. डिस्क मरणाला टेकल्याची ती खूण असते. कॉम्प्युटर पुन्हा विकत मिळतो, दहा वर्षांच्या नोंदी मिळत नाहीत. फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसवली, तर जुन्या यंत्रालाही पुष्कळ वेग येतो.

लॅपटॉप वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. तो गादीवर किंवा गोधडीवर ठेवू नये, खालची जाळी बंद होते. आणि बॅटरीवर चालताना किंवा चार्जर कमी ताकदीचा असताना लॅपटॉप मुद्दाम हळू चालतो. लोडशेडिंगच्या वेळी तो मंद वाटला, तर तो दोष नव्हे.

जुन्या कॉम्प्युटरवर पैसे घालण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आपले यंत्र विंडोज ११ घेऊ शकते का, ते तपासा. त्याला निदान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, शिवाय प्रोसेसरही त्यांच्या यादीत बसणारा लागतो. घेऊ शकत नसेल, तर नव्याचा विचार करण्याला आधार आहे. पण तो विचार कागदावर करा, घाबरून नको.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचे. कॉम्प्युटर मंद झाला की माणूस वैतागतो आणि वैतागलेल्या माणसाला फसवणे सोपे. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, आम्ही इथून साफ करतो," असा फोन आला किंवा पडद्यावर मोठी लाल सूचना येऊन नंबर दिसला, तर तो फोन करायचा नाही. सांगितलेले ॲप टाकायचे नाही. त्या ॲपमधून समोरच्याला आपला पडदा दिसतो आणि मग गटाचे बँक खातेही. फुकट वेग वाढवून देणारे प्रोग्रॅमही नकोत. विंडोजमध्येच 'विंडोज सिक्युरिटी' असते, तिच्यातून तपासणी करा. पैसे गेलेच, तर क्षणही न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आमच्या शेजारच्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचे, ही तिथली रीत. खेड्यातली मुले तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, विजेची कामे करून शिकत आली. यंत्र उघडून बघायला शहरातलेच डोके लागते असे नाही, हे या भागाला तेव्हापासून माहीत आहे. आम्हीच ते विसरलो होतो. चूल धुरावली तर आपण नवी चूल आणत नाही, आधी राख काढतो. कॉम्प्युटरपुढे मात्र आपण हात जोडून उभ्या राहतो.

आता आमच्या खोलीच्या दाराची फट बुजवली आहे. क्रोशाचे झाकण आहेच, पण ते रात्री, कॉम्प्युटर बंद केल्यावर. दर तीन महिन्यांनी, बैठकीच्या दिवशी, दोघी जणी ब्रश घेऊन बसतात. दर शनिवारी नोंदींची नक्कल पेनड्राइव्हवर जाते आणि तो पेनड्राइव्ह खजिनदार ताईंच्या घरी असतो. बारा जणींचा प्रस्ताव वेळेत गेला. नव्या कॉम्प्युटरचा ठराव आम्ही लिहिला होता, तो खोडून त्या पानावर तपासणीचा तक्ता चिकटवला आहे.

उद्या तुमचा कॉम्प्युटर दुपारी दमला, तर आधी रिस्टार्ट, मग विसावा, मग वही. दुकानाची पायरी त्यानंतर. केंदूरच्या आम्हा सगळ्याजणींचा नमस्कार.