दोन दिवसांची तपसाधना, दहा रुपयांच्या हिशेबात



जिल्हा परिषदेत काम निघालं की आपण सगळ्या औरंगपुऱ्यात येतो. काम आटोपलं की भाजी घेतो, लेकरांसाठी वह्या घेतो आणि बस सुटेपर्यंत कुठंतरी चहाला टेकतो. अशाच एका चहाच्या वेळी एका ताईनं मनातलं सांगितलं. त्यांच्या चर्चच्या महिला मंडळानं मागच्या वर्षी दोन दिवसांची तपसाधना ठरवली. वर्गणी सातशे रुपये. नावं तीस बायांनी दिली, आल्या अकरा. बाकीच्यांनी निरोप पाठवले. कुणाच्या लेकराला ताप, कुणाकडं पाहुणे, कुणाची सासू आजारी. ताई म्हणाली, "पैसे नाहीत असं एकीनंही सांगितलं नाही. पण मला कळलं. ज्यांना दोन दिवस टेकायची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच घरी राहिल्या."

हा लेख त्या एकोणीस जणींसाठी आहे. तपसाधना स्वस्त करायची ती पैसे वाचवण्यासाठी नाही, कुणी मागं राहू नये म्हणून.

तपसाधना म्हणजे काय?

आपल्या गटांत सगळ्या धर्मांच्या बाया आहेत, म्हणून आधी थोडक्यात सांगते. कॅथलिक घरांत 'तपसाधना' म्हणतात, इतर मंडळींत 'रिट्रीट' किंवा 'महिला शिबिर'. रोजचं घर, शेत, चूल बाजूला ठेवून एक-दोन दिवस शांत जागी जायचं. प्रार्थना, भजन, पवित्र शास्त्राचं वाचन, आणि थोडा वेळ गप्प बसणं. शुभवर्तमानात येशूनं दमलेल्या शिष्यांना एकांतात येऊन जरा विसावा घ्यायला सांगितलं, त्यातूनच ही रीत आली. यात्रेपेक्षा ही वेगळी. सप्टेंबरात श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला आपल्याकडच्या पुष्कळ बाया जातात. तिथं गर्दी असते, नवस असतो, भेटीगाठी असतात. तपसाधनेत गर्दी नको.

तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी वाचा. सप्ताह असो, धम्म शिबिर असो, की गटाची नुसती सहल, हिशेब हाच लागतो.

पहिली गोष्ट: गटाच्या पैशाला हात नाही

हे स्पष्टच सांगते. बचत गटाची बचत, फिरता निधी, समुदाय गुंतवणूक निधी, बँकेचं कर्ज, यातला एक रुपयाही तपसाधनेला वापरायचा नाही. गट सगळ्यांचा आहे. त्यात वेगवेगळ्या देवाला हात जोडणाऱ्या बाया आहेत आणि तो पैसा व्यवसायासाठी, अडीअडचणीसाठी आहे. तपसाधनेला जायला गटातून अंतर्गत कर्जही काढू नका. विसाव्याला गेलो आणि हप्ता घेऊन आलो, असं व्हायला नको.

गटाकडून घ्यायची ती शिस्त. दर आठवड्याला थोडं थोडं, ठरल्या दिवशी, लिहून.

पेटी कशी ठेवायची

चर्चच्या महिला मंडळाची वेगळी, कुलूपबंद पेटी करा. रविवारी उपासनेनंतर प्रत्येकीनं सारखंच बंद पाकीट टाकायचं. कुणी वीस टाकेल, कुणी पाच, कुणी एखाद्या आठवड्यात रिकामं. दोघींनी मिळून मोजायचं, वहीत त्या दिवसाची एकूण रक्कम लिहायची आणि दोघींनी सही करायची. महिन्याला ती रक्कम सगळ्यांसमोर वाचायची.

इथं एक फरक नीट समजून घ्या. गटाच्या बचतीत प्रत्येकीच्या नावापुढं आकडा लागतोच, कारण तो पैसा तिचा आहे, तिला परत मिळायचा आहे. या पेटीतला पैसा दान आहे. म्हणून इथं नावापुढं आकडा मुद्दाम लिहायचा नाही. शास्त्रातली गरीब विधवा आठवा. तिची दमडीच सगळ्यात मोठी ठरली. आपल्या वहीत कुणाची दमडी आणि कुणाची नोट, हे दिसताच कामा नये. मग "पैसे नाहीत" म्हणायची वेळच कुणावर येत नाही.

तारीख कशी धरायची

आपल्याकडं तारीख पंचांगापेक्षा शेतावर ठरते. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, मग कापूस वेचणी. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या उन्हाळा लागता परत येतात. मार्चमध्ये लेकरांच्या परीक्षा, मे महिन्यात ऊन आणि पाणीटंचाई. जून-जुलैत पेरणी, खुरपणी. मग उरतं काय? पोळ्यानंतरचे दोन-तीन आठवडे. खुरपण बरंचसं आटोपलेलं असतं, सोयाबीन अजून काढणीला आलेलं नसतं आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बाया गावात असतात. पाऊस असतो, म्हणून पक्क्या छताची जागा बघा.

जानेवारीत हवा छान असते हे खरं. पण तेव्हा ऊसतोडवाल्या बाया फडात असतात. तारीख ठरवताना एवढंच विचारा: या दिवशी कोण येऊ शकणार नाही?

वार शुक्रवार-शनिवार धरा. शुक्रवारी दुपारी जमायचं, शनिवारी संध्याकाळी घरी. रविवारची उपासना आपापल्या चर्चमध्ये होते.

खर्चाचा नमुना

तीस बाया, एक रात्र. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे भाव घालून पुन्हा मांडा.

किराणा आणि भाजी, प्रत्येकी 150 रुपये: 4,500
स्वयंपाकाची मजुरी: 2,000
जागेची साफसफाई, वीज: 1,500
जाण्यायेण्याचं तिकीट, प्रत्येकी 120 रुपये: 3,600
वक्त्याचा प्रवास व मानधन: 1,000
औषधपेटी, वह्या, किरकोळ: 600
अडीअडचणीला: 800
एकूण: 14,000 रुपये

एकीला पडले साधारण 467 रुपये. आता पेटीकडं बघा. आठवड्याला सरासरी दहा रुपये, तीस बाया, 48 आठवडे: 14,400 रुपये. यंदाच्या पोळ्याला पेटी सुरू केली तर पुढच्या पोळ्याला तपसाधनेचे पैसे तयार, वर 400 शिल्लक. ऐन वेळी वर्गणी मागायची गरज नाही.

खर्च कमी होतो तो चार ठिकाणी.

जागा: हॉटेल, रिसॉर्ट नको. चर्चचा हॉल, मिशनच्या शाळेचा वर्ग, धर्मभगिनींच्या मठाची खोली विचारा. आठवडाभर आधी दोघींनी जाऊन बघून या. पाणी किती, दिवे किती, संडास किती आणि दाराला कडी आहे का. परवानगी लेखी घ्या.

प्रवास: 17 मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. खासगी गाडी करण्याआधी एसटीच्या वेळा बघा. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजींना एसटी मोफत आहे, त्यांनी वयाचा पुरावा जवळ ठेवावा.

बाजार: तीस जणींची भाजी औरंगपुऱ्यात किरकोळ भावानं घेऊ नका. पहाटे जाधववाडीच्या बाजार समितीत जा, किराणा मोंढ्यातून घ्या. ज्वारी, डाळ घरची असेल तर प्रत्येकीनं एक शेर आणावी, खर्च आणखी उतरतो.

अंथरूण-पांघरूण, ताट-वाटी-पेला ज्याचं त्यानं आणायचं.

जिथं काटकसर करायची नाही

स्वयंपाकाची मजुरी वाचवू नका. बहुतेक शिबिरं इथंच फसतात. "आपणच करू की, तीस जणी आहोत" म्हणायचं आणि मग गरीब घरच्या चार बाया दोन दिवस चुलीपुढं. त्या घरी तेच करतात, इथंही तेच. मार्था आणि मरियेची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो, आणि दरवर्षी कुणाला तरी मार्था करून स्वयंपाकघरात बसवतो. जेवणाचं काम शेजारच्या गावच्या एखाद्या बचत गटाला रोख मजुरीनं द्या. त्यांनाही काम मिळतं.

लहान लेकरं सोबत येणारच. त्यांना सांभाळायला एक जण नेमा, तिलाही मजुरी द्या. गरजेप्रमाणे ती रक्कम अडीअडचणीच्या पैशांतून आणि शिल्लक 400 मधून घ्या.

कार्यक्रम गच्च भरू नका. दोन दिवसांत तीन प्रवचनं पुरेत. दुपारी दोन तास मोकळे सोडा. कुणी झाडाखाली शास्त्र वाचेल, कुणी रडेल, कुणी गाढ झोपेल. झोपलेलीला उठवू नका. पहाटे चारला उठणाऱ्या बाईची ती झोप हीसुद्धा प्रार्थनाच समजा.

बाया सगळा कारभार सांभाळू शकतात का, अशी शंका कुणी काढली तर पंडिता रमाबाईंचं केडगाव दाखवा. दुष्काळातून आणलेल्या मुलींना घेऊन त्यांनी तिथं शेती, विणकाम, छापखाना उभा केला. रमाबाईंनी मराठीत केलेलं बायबलाचं भाषांतर त्याच मुक्ती मिशनमध्ये बायांच्या हातून छापलं गेलं. आपल्याला तर तीस जणींचे दोन दिवस बघायचे आहेत.

या रविवारी काय करायचं

तीन गोष्टी. एक, पेटी आणि वही आणा, मोजणाऱ्या दोघी ठरवा. दोन, मागच्या वेळी न आलेल्या बायांची नावं आठवा आणि त्यांच्या घरी जा. का आली नाहीस, असं विचारू नका. तारीख कधीची जमेल, एवढंच विचारा. तीन, घरच्या माणसांना आत्ताच सांगून ठेवा की पुढच्या पोळ्यानंतर दोन दिवस भाकरी त्यांनी थापायच्या आहेत. शिकायला त्यांच्या हाताशी वर्ष आहे.