कढत पाण्याची अंघोळ

सकाळी सव्वासात. हिंगणघाटची गाडी मला सेवाग्राम स्टेशनवर सोडते. आज फलाटावर रेल्वे सुरक्षा दलाचा कुत्रा बाकांखालच्या पिशव्या हुंगत चालला होता. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन मोठे लोहमार्ग इथेच वर्ध्यापाशी भेटतात. आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगरांतला गांजा खाकी चिकटपट्टीत गुंडाळून याही वाटेने जातो. बहुतेक माल पुढे निघून जातो. वाटेत सांडतो, तो आमच्या बाह्यरुग्ण विभागात येतो.

नऊ. व्यसनमुक्ती विभागातली माझी खुर्ची. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून वर्ध्यात कित्येक दशकांपासून दारूबंदी आहे. म्हणून दारू मिळत नाही असं नाही. पण घरातल्या बायांचं नाक दारूच्या वासाला तयार झालेलं असतं. गांजाला ते अजून सरावलेलं नाही.

साडेदहाला बाविशीतला एक मुलगा आला, सोबत आई. सहा महिन्यांत तीनदा सलाइन लागलं, सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली, सगळं साफ. तरी पहाटे उठला की उलट्या. कुणी पित्त म्हणालं, कुणी बाहेरची बाधा.

"कशानं बरं वाटतं?" मी विचारलं.

तो गप्प. आईच म्हणाली, "अंघोळीनं जी. वर्ध्याच्या मे महिन्यात कढत पाणी घेते, दिवसातून चार-पाच खेपा. गंजावर गंज तापवून राहिली मी."

शेजारी बसलेल्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मुलाच्या अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक पिवळट करपलेलं होतं. वर्षानुवर्षं रोज गांजा ओढणाऱ्या काहींना असा उलट्यांचा आजार होतो आणि गरम पाण्याने तेवढ्यापुरता उतार पडतो, हे ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००४ साली मांडलं. चमत्कारिक आहे खरं. एरवी मळमळ थांबवतो म्हणून ज्याची ख्याती, तोच पोट उलटंपालटं करतो. उपाय एकच, चिलीम सोडणं. मुलगा तीन वर्षं रोज ओढत होता.

"थेंबाले शिवत नाही माहं पोट्टं," आई म्हणाली. "अन् थो तं महादेवाचा परसाद म्हणते."

हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. त्यावर वाद घालत नाही. पुढल्या तारखेचा कागद दिला, झोपेचं सांगितलं, चिडचिड वाढेल हेही सांगितलं.

दीड. डबा उघडला तोच एका बापाचा फोन. उपचाराला आणलं तर पोरावर केस होईल का? १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत, म्हणून भांग सुटते. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोंच्या वर व्यापारी. ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याच कायद्यात ६४-अ हे कलमही आहे: व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला आला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या आरोपातून त्याला सवलत मिळते, उपचार अर्धवट सोडले तर ती जाऊ शकते. वीस किलो पकडल्याच्या बातम्या सगळ्यांना पाठ असतात, हे कलम कुणालाच नाही. माझी भाजी गार झाली.

चार. एका महाविद्यालयात व्याख्यान. २६ जूनचा अमली पदार्थविरोधी दिन जवळ आला की आमची आठवण होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, झाडपाल्यानं काय होते?" पूर्वी मी भीती घालायची, पोरं हसायची. आता आकडेच सांगते. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत भांग धरून ३.१ कोटी लोक हे घेणारे निघाले. मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख. म्हणजे बहुतेकांना मदत लागत नाही, हे मी लपवत नाही. मग विचारते, तुमच्या घराण्यात कुणाला भास व्हायचे, संशय यायचा? कोवळ्या वयात सुरुवात केली? वर्गातलं हसू इथे ओसरतं. फळ्यावर १४४४६ हा मदतीचा क्रमांक लिहून ठेवला. दोघांनी तो मोबाईलमध्ये टिपला, तिसऱ्याने टिपल्यासारखं केलं.

सात. परतीच्या गाडीत सकाळच्या आईचा फोन.

"लय चिडून राहिला जी. ताट फेकलं. औषध बदलता काय?"

"औषधाचं नाही ते. दहा-पंधरा दिवस असंच चालेल. बोलू नका त्याला काही."

ती थोडा वेळ थांबली. मागे बादली सरकल्याचा आवाज आला.

"पाणी मांगते. तापवू काय?"

"तापवा," मी म्हटलं, "पण कढत नको."