हादऱ्याचा हिशेब

शिरूर असो वा दौंड, रस्त्याकडेच्या गॅरेजात एक प्रसंग हमखास पाहायला मिळतो. चांगली चाललेली गाडी मध्येच बंद पडलेली असते, डॅशबोर्डवर चेक लाइट पेटलेला असतो आणि मालक ती कशीबशी ओढून आणतो. मिस्त्री स्कॅनर लावतो, बॉनेटखाली हात घालून एक कपलर काढतो, त्यावर फुंकर मारतो आणि परत दाबून बसवतो. गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. पंधरा दिवसांनी तीच गाडी, तोच कपलर.

गुण फुंकरीचा नसतो, काढून परत घालण्याचा असतो. कपलरमधल्या पिनांवर बहुधा कथिलाचा मुलामा असतो. गाडीच्या हादऱ्याने नर आणि मादी पिना एकमेकींवर केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतर पुढेमागे सरकत राहतात. दर घासणीला ताजे कथिल उघडे पडते, त्याला हवा लागते, ऑक्साइडचा काळपट भुगा होतो आणि तो तिथेच साठतो. त्या बारीक थराने विजेची वाट अडते. कपलर काढून घातला की भुगा खरवडला जातो, वाट मोकळी होते, आणि घासणी पहिल्यापासून सुरू होते. या झिजेला अभियंते फ्रेटिंग म्हणतात.

गाडीत संगणक बसवायचा म्हटले की आपल्या मनात पहिला विचार मऊ गादीचा येतो. स्पंज घाला, थर्माकोल भरा, रबराच्या पट्ट्या गुंडाळा. या लेखासाठी वाचन आणि आकडेमोड करताना माझी खात्री पटली ती नेमकी उलट: चुकीची गादी हादरा कमी करत नाही, वाढवते. आणि संगणक मरतो तो बहुतेकदा पोटातल्या चिपमुळे नाही, तर त्याला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या पिना, वायरी आणि सोल्डरचे डाग यांच्यामुळे.

आपल्या भागाला हा विषय परका नाही. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस पुण्याहून अहमदनगरला निघाली, ती शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर याच रस्त्याने. लाकडी बांधणीची बेडफोर्ड, आणि आसनांत काथ्या भरलेला. त्या बसमध्ये हादऱ्यापासून जपायची नाजूक वस्तू म्हणजे प्रवासी, आणि त्यांच्यासाठी काथ्या पुरेसा होता. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, एसटीची विजेवरची पहिली ‘शिवाई’ याच मार्गावर धावली. विजेवरच्या बसमध्ये बॅटरीच्या कप्प्याकप्प्याचा विद्युतदाब आणि तापमान सतत मोजणारा संगणक असतो. एका कपलरने दगा दिला तरी हा संगणक बस जागीच थांबवू शकतो. पहिल्या बसच्या चालकाला ही काळजी नव्हती.

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाटच्या कारखान्यातून वर्षानुवर्षे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन बाहेर पडत होते. त्या इंजिनात एका स्फोटासाठी इंधनाच्या एकाहून अधिक पिचकाऱ्या, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने, संगणकच सोडतो. २०१७ पासून तिथे जीप कंपास बनू लागली, टाटांची नेक्सॉनही तिथलीच. २०२२ मध्ये केंद्र सरकारने रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात २९७ एकरांवर इलेक्ट्रॉनिक्स निर्मिती समूहाला मंजुरी दिली. आणि वसाहतीच्या फाटकाबाहेर, न्हावरे, पारगाव, चौफुला, पाटस या वाटेवर, उसाचे ट्रॅक्टर, वाळूचे हायवा आणि शाळेच्या बसगाड्या आपापली यंत्रे वागवत फिरतात. १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना जागा कळवणारे यंत्र आणि संकटाचे बटण सक्तीचे झाले. आपल्या राज्यात गौण खनिजाच्या गाड्यांनाही जीपीएस लागले. कारखान्यात बसवलेला संगणक चाचण्यांतून गेलेला असतो. मागाहून बसवलेले यंत्र मात्र बसवणाऱ्याच्या हातावर सोडलेले असते, आणि माझी काळजी त्याच हाताविषयी आहे.

कारखान्यातली चाचणी किती कडक असते? वाहनातल्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी आयएसओ १६७५० नावाचे मानक आहे. त्याच्या तिसऱ्या भागानुसार मोटारीच्या बॉडीवर बसणारे यंत्र हादऱ्याच्या टेबलावर तिन्ही दिशांनी प्रत्येकी ८ तास हलवले जाते. हलवण्याचा वेग सेकंदाला १० पासून १००० कंपनांपर्यंत, आणि जोर सरासरीने गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ पावणेतीन पट. दरवाजा आपटण्याची चाचणीही त्यात आहे, कारण दारात बसवलेल्या यंत्राला रस्त्यापेक्षा घरातली पोरे जास्त छळतात.

आता गाडी हलते कशी ते पाहू. तिच्या हलण्यात तीन सूर असतात. पहिला बॉडीचा: स्प्रिंगांवर तोललेली बॉडी सेकंदाला एक-दीड वेळा डुलते. माणसाला हे जाणवते, संगणकाला याचे फारसे काही नसते. दुसरा चाकाचा: टायर आणि स्प्रिंग यांच्यामध्ये सापडलेले चाक सेकंदाला १० ते १५ वेळा थडथडते. तिसरा इंजिनाचा: चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर उभे असताना सेकंदाला सुमारे २७ स्फोट होतात, म्हणून ते तेवढ्या वेळा थरथरते. ही थरथर इंजिनाखालचे फाउंडेशन रबर बरीचशी गिळते, रबर बसले की मात्र ती थेट बॉडीत उतरते.

गतिरोधकाचे उदाहरण घेतले की हा फरक नीट कळतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीत गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडण्यासाठी आहे. त्या वेगाला तो पार करायला अर्धा सेकंद लागतो, म्हणजे हादरा बॉडीच्या डुलण्याच्या जातीचा. माणूस उचलला जातो आणि वेग कमी करतो. पण गावात रातोरात घातलेला अर्ध्या मीटरचा उंचवटा त्याच वेगाला सेकंदाच्या ७ शतांशात संपतो. तो हादरा चाकाच्या थडथडीच्या नेमक्या पट्ट्यात पडतो. रस्त्यावर ओळीने मारलेल्या जाड पांढऱ्या पट्ट्यांचे तसेच: मीटरभर अंतरावरच्या पट्ट्या ताशी ४० च्या वेगाने ओलांडल्या तर सेकंदाला अकरा ठोके. शिफारशीतला गतिरोधक माणसाला हलवतो, गावातला उंचवटा संगणकाला.

आणि आता तो स्पंज. कुठल्याही गादीवर वस्तू ठेवली की गादी दबते, आणि किती दबली यावरून त्या जोडीचा स्वतःचा सूर ठरतो. १ सेंटिमीटर दबली तर सेकंदाला साधारण ५ कंपने, १ मिलिमीटर दबली तर सुमारे १६. गादी हादरा अडवायला लागते ती बाहेरचा हादरा तिच्या स्वतःच्या सुराच्या १.४ पटीहून वेगवान असेल तेव्हाच. त्याच्या खाली ती काही अडवत नाही, आणि दोन्ही सूर जुळले तर हादरा चार-पाच पट मोठा करून आतल्या वस्तूला देते. आता डब्याखाली घातलेला घरगुती स्पंज किती दबतो ते आठवा: दोनेक मिलिमीटर. म्हणजे सूर सेकंदाला सुमारे ११. बरोबर चाकाची थडथड! मऊ वाटणाऱ्या गादीने वाईटातल्या वाईट हादऱ्याशी संधान बांधलेले असते. बाहेरून सगळे सुरक्षित दिसते, आत डबा झिंगलेला असतो. शिवाय स्पंज उष्णता धरून ठेवतो, आणि वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत उष्णतेचा प्रश्न वेगळा सांगायला नको.

चाकाची थडथड खरोखर अडवायची तर गादी निदान अर्धा सेंटिमीटर दबली पाहिजे, आणि खड्ड्यात ती आणखी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर मोकळी हलू शकेल अशी जागा चारी बाजूंनी हवी. एवढी जागा गाडीत फारशी मिळत नाही. मग उलटी वाट धरणे शहाणपणाचे. यंत्र बॉडीच्या पोलादाला घट्ट आवळून टाकायचे, त्याला धरणारी पट्टी इतकी ताठ ठेवायची की तिचा सूर चाकाच्या आणि इंजिनाच्या सुरांच्या पुष्कळ वर जाईल.

घट्ट आवळले तर हादरा सरळ येणार नाही का, असा प्रश्न कुणीही विचारेल. येईल, पण तेवढाच येईल, वाढून येणार नाही. मोठे गाळण आधीच झालेले असते, गाडीच्या पाट्यांत आणि शॉकअपमध्ये. याचा पुरावा हवा असेल तर दौंड जंक्शनवर उभे राहावे. रेल्वेच्या डब्यांतल्या आणि इंजिनांतल्या यंत्रांसाठी आयईसी ६१३७३ हे मानक आहे, आणि त्यात धक्क्याच्या चाचणीचे आकडे जागेप्रमाणे बदलतात. डब्याच्या सांगाड्यावर बसणाऱ्या यंत्राला उभ्या दिशेने ३० मीटर प्रति सेकंद वर्ग, बोगीवरच्या यंत्राला ३००, आणि थेट आसावर बसणाऱ्या सेन्सरला १०००. एकाच गाडीत, हातभर अंतरावर, तिशीचे हजार होतात. मध्ये फक्त स्प्रिंगांचे दोन थर असतात. म्हणून स्प्रिंगांच्या वर काय आणि खाली काय, हे ठरवणे हा बसवणाऱ्याचा पहिला निर्णय.

दुसरा निर्णय जागेचा. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून शिरूर ते पुणे प्रवास केलेल्याला हे शिकवावे लागत नाही. गाडी सी-सॉसारखी पुढेमागे झुलते, टोकाला जास्त, दोन आसांच्या मध्यावर कमी. मोटारीत ही शांत जागा पुढच्या सीटखाली असते. डिकीचे मागचे टोक, दार आणि डॅशबोर्डचे हलके प्लास्टिक या तिन्ही जागा टाळाव्यात.

एक संगणक मात्र असा आहे की त्याला हादऱ्यापासून वाचवायचेच नसते. एअरबॅगचा संगणक धक्का ओळखूनच काम करतो. त्यासाठी सिलिकॉनवर कोरलेला नखाएवढा संवेदक अ‍ॅनालॉग डिव्हायसेसने १९९१ मध्ये जगासमोर आणला, आणि भारतात जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. हा डबा गाडीच्या कण्याला ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या ताकदीने आवळलेला असतो. सीट कव्हर किंवा म्युझिक सिस्टिम बसवताना कुणी तो सैल केला, खाली रबर घातले, तर अपघाताच्या क्षणी तो बधिर राहू शकतो. ही गोष्ट प्रत्येक अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात भिंतीवर लिहून लावावी असे मला मनापासून वाटते.

गादीची खरी गरज होती ती फिरत्या हार्ड डिस्कला. २००१ मध्ये व्हिया कंपनीने १७ सेंटिमीटर चौरसाचा मिनी-आयटीएक्स बोर्ड आणला आणि जगभरचे हौशी लोक मोटारीत पूर्ण संगणक बसवू लागले. डिस्कचे वाचन-टोक तबकडीवरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. टेबलावरच्या संगणकाची साडेतीन इंची डिस्क चालू असताना गुरुत्वाकर्षणाच्या साठ-सत्तर पट धक्का क्षणभर सोसते, लॅपटॉपची अडीच इंची त्याहून कितीतरी जास्त. म्हणून जाणकार लॅपटॉपची डिस्क वापरत. आता चिपवरच्या साठवणीने हा प्रश्न जवळजवळ मिटवला. बसमधल्या सीसीटीव्ही रेकॉर्डरमध्ये अजून डिस्क असेल तर ती बदलून घेणे कुठल्याही गादीपेक्षा चांगले.

उरते ते हाताचे काम, आणि सगळी मदार त्यावर आहे. पट्टी दोन मिलिमीटर पत्र्याची, कडा दुमडलेल्या, कारण दुमडलेली कड पत्र्याला अनेक पटींनी ताठ करते. नट नायलॉनची कडी असलेले. बोर्डावरचे उंच कपॅसिटर सिलिकॉनच्या थेंबाने शेजाऱ्याला चिकटवलेले, नाहीतर ते आपल्याच पायांवर डुलून पाय मोडून घेतात. वायर कपलरपासून वीतभराच्या आत बॉडीला बांधलेली, पण मधे थोडी ढील ठेवून. लोंबती वायर पिनांना दर खड्ड्यात ओढते. पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी कडे. आणि बॅटरीचे टर्मिनल! चालत्या गाडीत ते हादऱ्याने सैल होऊन सुटले, तर चार्ज करत असलेला अल्टरनेटर क्षणभर ८० व्होल्टच्या पुढे उसळू शकतो. जळालेल्या यंत्राचा दोष मग स्वस्त मालावर येतो, मूळ दोष एका न आवळलेल्या नटाचा असतो.

हे सगळे मोजता येते, आणि मोजण्याची परंपरा शिरूर तालुक्यातच आहे. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने करत शिकणे हा त्याचा पाया. तिथल्या मुलांनी जुन्या जीपच्या भागांतून ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर उभा केला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब आली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक, आणि शेतीच्या इंजिनांची कार्यक्षमता मोजण्याची साधने तिथे करून पाहिली गेली. आज हादरा मोजण्याचे साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचे ‘फायफॉक्स’ हे मोफत अ‍ॅप फोनमधल्या संवेदकाने हादऱ्याचे सूर वेगवेगळे करून दाखवते.

चौफुल्याहून न्हावऱ्याकडे निघताना फोन आधी सीटखालच्या उघड्या पत्र्यावर घट्ट चिकटवावा आणि पाच किलोमीटर जाऊन आलेख जपून ठेवावा. परत फिरून त्याच तुकड्यावर, त्याच वेगाने, फोन यंत्राच्या डब्यावर चिकटवावा. दोन्ही आलेख शेजारी ठेवून सेकंदाला १० ते १५ कंपनांच्या पट्ट्यात बघावे. डब्यावरचा सुळका पत्र्यावरच्या सुळक्याहून उंच निघाला, तर त्याच संध्याकाळी गाडी सावलीत लावावी, १० नंबरचा पाना घ्यावा आणि डब्याखालचा स्पंज काढून टाकावा.