शिक्का नसलेला बिलोरी बाऊल: ओळखायचा कसा, किंमत ठरवायची कशी?



दिवाळीच्या आवराआवरीत शोकेसमधून एखादा जड, नक्षीदार काचेचा बाऊल निघतो. तळाला नाव नाही, शिक्का नाही. भंगारवाला शंभर रुपये म्हणतो आणि आपण देऊन मोकळे होतो. नागपुरात आमच्या घरी हे होता होता राहिलं.

शिक्का नाही म्हणजे माल हलका, असं समजू नका. बऱ्याच कटग्लासवर फक्त कागदी लेबल असायचं, ते धुण्यात निघून गेलं. काहींवर आम्लाने उमटवलेलं पुसट नाव असतं, म्हणून तळ तिरप्या उजेडात धरून बघा. आणि जुनी काच विलायतीच असेल असंही नाही. तळेगाव दाभाड्यात १९०८ मध्येच पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता; ओगलेवाडीचे प्रभाकर कंदील तर आजी-आजोबांना आठवतीलच.

आता नक्षीवरून बोट फिरवा. चाकावर पैलू पाडलेले असतील तर कडा धारदार लागतात. साच्यात दाबलेल्या काचेच्या कडा गोलसर असतात, बाजूला साच्याच्या जोडाची बारीक रेघही सापडते. पण काही वस्तू आधी साच्यात काढून मग वरवर कापलेल्या असतात. तिथे बोट फसतं.

मग आर्किमिडीजला बोलवा! सातवी-आठवीच्या मुलांना हे फार आवडतं. बाऊल कोरडा तोला. समजा १,१६० ग्रॅम भरला. आता किचनच्या काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्य करा. बाऊल दोरीने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा; तळाला टेकू देऊ नका, आतले बुडबुडे काढा. काटा ३९० दाखवतो, म्हणजे आकारमान ३९० घनसेंटिमीटर. भागाकार करा: २.९७. साध्या काचेची घनता २.५ च्या आसपास असते. युरोपच्या १९६९ च्या नियमानुसार निदान २४ टक्के शिशाचं ऑक्साइड असलेल्या क्रिस्टलची घनता २.९ किंवा जास्त हवी. म्हणजे आपल्या बाऊलमध्ये शिसं असणार.

इथेच थांबून एक ऐका. अशा भांड्यात लोणचं, लिंबू सरबत, आपला संत्र्याचा रस साठवू नका. आंबट पदार्थात शिसं उतरतं आणि लहान मुलांना ते सर्वांत घातक. आमच्याकडे कितीतरी वर्षं त्यात मुरंबा असायचा, बाप्पा! आता तो नुसता मांडून ठेवलाय.

किमतीचं म्हणाल तर घनता भाव सांगत नाही. भाव कापणीचा असतो: खोल, सारखी, रेघा एकमेकींना नेमक्या भेटणारी. काठाला टवका असेल तर किंमत धाडकन उतरते. तळावर वापराचे बारीक ओरखडे असले तर हरकत नाही, उलट ते जुनेपणाची खूण. इंटरनेटवर दिसतो तो मागितलेला भाव, वस्तू विकली गेली तो नव्हे. वजन, घनता, फोटो कागदावर घेऊन निदान दोन जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांना दाखवा. बाऊल मात्र पहिल्या फेरीत घरीच ठेवा.