कणाचा व्यास आणि साखळीचा रेणुभार : एका प्रश्नाची अनेक उत्तरे

अब्जांश कण आणि बहुवारिके, म्हणजेच नॅनोकण आणि पॉलिमर, यांवरील प्रबंधांत दोन विधाने हटकून आढळतात. 'कणांचा व्यास २० नॅनोमीटर होता' हे एक, आणि 'बहुवारिकाचा रेणुभार १,००,००० होता' हे दुसरे. बेंझीनसारख्या साध्या संयुगाविषयी असे विधान केले तर त्यात संदिग्धता नसते. बेंझीनच्या कोणत्याही नमुन्यात रेणुभार ७८ हाच असावयाचा. परंतु ज्या पदार्थात कणाकणाचे आकारमान आणि रेणूरेणूचा भार भिन्न असतो, त्याच्याविषयी एकच संख्या दिली आणि ती कोणत्या पद्धतीने व कोणत्या अर्थाने काढली हे सांगितले नाही, तर विधान अपुरे राहते. प्रत्येक उपकरण पदार्थाला वेगळा प्रश्न विचारते. म्हणून उत्तरेही वेगळी येतात. ही तफावत म्हणजे नेहमी चूकच असते असे नाही. पुष्कळदा पदार्थाविषयीची सर्वांत उपयुक्त माहिती तिच्यातच दडलेली असते. हे कसे घडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

एका कुपीतील सोने

अमेरिकेतील राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००७-०८ मध्ये सुवर्णकणांची तीन संदर्भद्रव्ये प्रसृत केली. त्यांचे नाममात्र व्यास १०, ३० आणि ६० नॅनोमीटर होते. कण पाण्यात विखुरलेले होते आणि सायट्रेट आयनांच्या आवरणामुळे परस्परांपासून अलग राहत होते. संस्थेने प्रत्येक द्रव्याचा व्यास अनेक पद्धतींनी मोजला आणि सर्व आकडे एकत्र प्रसिद्ध केले. नाममात्र १० नॅनोमीटरच्या कणांसाठी ते असे होते : अणुबल सूक्ष्मदर्शकाने ८.५, पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ८.९, क्ष-किरणांच्या लघुकोनी प्रकीर्णनाने ९.१, क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ९.९, वायूत तरंगणाऱ्या विद्युत्भारित कणांच्या गतीवरून ११.३ आणि गतिक प्रकाश-प्रकीर्णनाने १३.५ नॅनोमीटर.

लहानात लहान आणि मोठ्यात मोठे उत्तर यांत दीडपटीहून अधिक अंतर आहे. मोजमाप करणाऱ्यांचे कौशल्य वादातीत होते आणि द्रव्यही एकच होते. तरीही कोणत्याही एका आकड्याला 'खरा व्यास' ठरवून बाकीचे आकडे चुकीचे म्हणता येत नाहीत. अणुबल सूक्ष्मदर्शक पृष्ठावर बसलेल्या कणाची उंची मोजतो. पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक धातूच्या गाभ्याची छाया दाखवितो. हलक्या अणूंचे सेंद्रिय आवरण त्याला जवळजवळ दिसत नाही. लघुकोनी प्रकीर्णनात इलेक्ट्रॉन-घनतेतील फरक प्रतीत होतो, आणि सोने व पाणी यांतील हा फरक प्रचंड असल्याने तेथेही गाभाच मोजला जातो. वायूत मोजणी करताना द्रावाचे थेंब सुकवावे लागतात. द्रावात विरघळलेले क्षार सुकताना कणावर बसले तर तेही व्यासात धरले जातात. गतिक प्रकाश-प्रकीर्णनात तर व्यास प्रत्यक्ष मोजलाच जात नाही. ब्राउनीय हालचालीमुळे प्रकीर्णित प्रकाशाची तीव्रता कशी कमीजास्त होते यावरून कणाचा विसरण-गुणांक काढतात आणि आइन्स्टाइनने १९०५ मध्ये दिलेल्या संबंधाच्या साहाय्याने त्याचे व्यासात रूपांतर करतात. कणाबरोबर ओढले जाणारे आयन आणि पाणी यांचाही या व्यासात समावेश होतो. शिवाय नमुन्यात मोजके मोठे कण किंवा पुंजके असले, तर ते हा आकडा वर खेचतात.

नाममात्र ६० नॅनोमीटरच्या द्रव्यासाठी हीच उत्तरे ५३.२ आणि ५६.६ यांच्या दरम्यान येतात. आवरणाची जाडी कणाच्या मानाने वाढत नसते. म्हणून कण मोठा झाला की तिचे सापेक्ष महत्त्व कमी होते आणि निरनिराळ्या पद्धती एकमेकींच्या जवळ येतात. ज्या मर्यादेत अब्जांश कणांचे विशेष गुण प्रकट होतात, नेमकी तेथेच पद्धतींची भिन्नता सर्वांत अधिक असते.

माध्य कोणता ?

भिन्नतेचे दुसरे कारण भौतिक नसून गणिती आहे. समजा, एका मिश्रणात १५ नॅनोमीटर व्यासाचे १,००० कण आणि १५० नॅनोमीटर व्यासाचा एक कण आहे. मोठ्या कणाचे घनफळ लहान कणाच्या हजारपट असल्यामुळे दोन्ही गटांचे वस्तुमान समान आहे. कण मोजून सरासरी काढली तर व्यास १५.१ नॅनोमीटर येतो. वस्तुमानाच्या प्रमाणात सरासरी काढली तर तो ८२.५ येतो. प्रकाश-प्रकीर्णनाची गोष्ट आणखी वेगळी आहे. तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान कणाने प्रकीर्णित केलेला प्रकाश त्याच्या व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात असतो. स्थूल अंदाजासाठी हाच नियम येथे लावला, तर तो एकटा मोठा कण हजार लहान कणांच्या एकत्रित प्रकाशाच्या हजारपट प्रकाश देईल, आणि गतिक प्रकीर्णनाने सुमारे १४९ नॅनोमीटर हे उत्तर मिळेल. हजार कण जणू अदृश्य होतील.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. युरोपीय आयोगाने २०११ मध्ये नॅनोद्रव्याची व्याख्या सुचविली आणि २०२२ मध्ये ती सुधारली. दोन्ही वेळा कसोटी कणांच्या संख्येवर आधारलेली राहिली : संख्येने निम्मे किंवा अधिक कण १ ते १०० नॅनोमीटर या मर्यादेत असावेत. वरील मिश्रण संख्येच्या हिशेबाने ९९.९ टक्के नॅनोद्रव्य आहे, वस्तुमानाच्या हिशेबाने निम्मे आहे, आणि गतिक प्रकीर्णनाचा एकच आकडा प्रमाण मानला तर ते नॅनोद्रव्यच नव्हे. एखाद्या रंगद्रव्याला किंवा अन्नातील पूरक द्रव्याला कोणते नियम लागू व्हावेत, हे अशा वेळी माध्याच्या निवडीवर अवलंबून राहते.

बहुवारिकांचा जुना वाद

बहुवारिकांच्या अभ्यासकांना हा धडा फार पूर्वी मिळाला होता. हेरमान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये असे प्रतिपादन केले की रबर, पॉलिस्टायरीन यांसारखे पदार्थ नेहमीच्या सहसंयुजी बंधांनी जोडलेल्या दीर्घ साखळ्यांचे बनलेले असतात. त्या काळी अनेक मान्यवर रसायनशास्त्रज्ञ त्यांना लहान रेणूंचे सैल पुंजके समजत असत. पुंजक्यांच्या बाजूने एक पुरावा क्ष-किरणांचा होता. स्फटिकी तंतूंतील एकक कोष्ठिका लहान आढळे आणि रेणू कोष्ठिकेपेक्षा मोठा असू शकत नाही, असे गृहीत धरले जाई. वस्तुतः क्ष-किरणांनी पुनरावृत्तीचे अंतर सांगितले होते, साखळीची लांबी नव्हे. मोजमाप बिनचूक होते. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यातून काढले गेले, एवढीच चूक होती. रबराचे हायड्रोजनीकरण केल्यावर पुंजके बांधून ठेवणारे मानलेले दुर्बल बल नष्ट व्हावयास हवे होते. परंतु त्यानंतरही द्रव्याचे कलिली गुण टिकून राहिले. श्टाउडिंगर यांना १९५३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तोवर वाद केव्हाच मिटला होता.

गोठणबिंदूच्या पद्धतीने हा वाद लवकर का सुटला नाही, हे एका साध्या गणितावरून कळते. १,००,००० रेणुभाराचे १० ग्रॅम द्रव्य एक किलोग्रॅम पाण्यात विरघळविले, तर गोठणबिंदू सुमारे ०.०००२ अंशाने उतरतो. लेशमात्र अशुद्धीही याहून मोठा परिणाम घडविते. त्याच द्रावाचा तर्षण दाब मात्र सुमारे अडीच सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा, म्हणजे सहज मोजण्याजोगा, असतो. केंब्रिज येथे अडेअर यांनी १९२५ मध्ये तर्षण दाबावरून हीमोग्लोबिनचा रेणुभार सुमारे ६७,००० काढला. त्याच सुमारास स्वीडनमध्ये स्वेडबरी यांच्या अतिकेंद्रोत्सारकाने जवळपास तेच उत्तर दिले. दोन सर्वस्वी भिन्न पद्धतींची ही एकवाक्यता योगायोगाची नव्हती. हीमोग्लोबिनचे सर्व रेणू सारख्याच भाराचे असतात, आणि अशा द्रव्यात सर्व माध्ये एकरूप होतात.

कृत्रिम बहुवारिकात तसे नसते. १०,००० आणि १,००,००० भाराच्या साखळ्या समसंख्येने मिसळल्या, तर संख्या-माध्य ५५,००० आणि भार-माध्य सुमारे ९१,८०० येते. तर्षण दाब रेणूंची संख्या मोजतो, म्हणून तो पहिला आकडा देतो. डिबाय यांनी १९४४ मध्ये विकसित केलेल्या पद्धतीने स्थितिक प्रकाश-प्रकीर्णन मोजले तर दुसरा आकडा मिळतो. या दोहोंचा भागाकार १.६७ येतो, यालाच विखुरण-गुणोत्तर म्हणता येईल. येथे एका गैरसमजाविषयी सावध राहिले पाहिजे. गतिक प्रकीर्णनाच्या उपकरणात 'पॉलिडिस्पर्सिटी इंडेक्स' या नावाने छापला जाणारा आकडा हा नव्हे. एकजिनसी नमुन्यासाठी तो शून्याकडे झुकतो, तर रेणुभारांचे गुणोत्तर एकाकडे.

१९६४ मध्ये मूर यांनी जेल-पारगमन क्रोमॅटोग्राफी उपलब्ध करून दिली आणि संपूर्ण वितरण काही तासांत डोळ्यांसमोर येऊ लागले. परंतु सच्छिद्र जेल साखळ्यांना भारानुसार वेगळे करीत नाही; द्रावात त्या किती जागा व्यापतात त्यानुसार करते. पॉलिस्टायरीनच्या प्रमाणद्रव्यांवरून रेखाटलेली वक्ररेषा दुसऱ्या बहुवारिकाला लावली, तर मिळणारा आकडा 'तेवढी जागा व्यापणाऱ्या पॉलिस्टायरीनचा रेणुभार' एवढ्याच अर्थाचा असतो. स्ट्रासबर्ग येथील बेन्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखविले की नैज श्यानता आणि रेणुभार यांचा गुणाकार अक्षावर घेतला असता अनेक भिन्न बहुवारिके एकाच रेषेवर येतात. आज स्तंभापुढे प्रकाश-प्रकीर्णनाचा शोधक जोडून प्रमाणद्रव्यांवरचे हे अवलंबित्व टाळता येते.

तफावतीचा उपयोग

कण आणि साखळी जेथे एकत्र येतात, तेथे पद्धतींची भिन्नता हेच साधन बनते. समजा, सुवर्णकणांवर ५,००० रेणुभाराच्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण चढविले आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने व्यास १० नॅनोमीटर आला आणि गतिक प्रकीर्णनाने ३०. पुंजके झालेले नाहीत याची खात्री असेल, तर या दोहोंवरून आवरणाची जाडी सुमारे १० नॅनोमीटर ठरते. आता नमुना तापवून वजनातील घट पाहिली आणि ती २० टक्के भरली. १० नॅनोमीटरच्या सुवर्णगोलाचे वस्तुमान सुमारे १०⁻¹⁷ ग्रॅम असते. त्यावरून हिशेब केला तर प्रत्येक कणावर सुमारे ३०० साखळ्या, म्हणजे प्रति चौरस नॅनोमीटर जवळजवळ एक साखळी, असे उत्तर मिळते. यांपैकी कोणत्याही एका उपकरणाला हे सांगता आले नसते. मात्र व्यासात १० टक्के चूक झाली तर कणामागील साखळ्यांची संख्या सुमारे ३३ टक्क्यांनी चुकते, कारण वस्तुमान व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणून काही थोडे कण मोजून समाधान मानणे धोक्याचे असते.

खरी चूक आणि अर्थपूर्ण तफावत यांतील भेद ओळखण्यासाठी नमुना कसा तयार केला हे पाहावे लागते. जाळीवर थेंब सुकताना कण एकत्र ओढले जातात. म्हणून चित्रातील पुंजके द्रावातही होतेच असे म्हणता येत नाही. इलेक्ट्रॉन-शलाकेने मृदू बहुवारिक जळते किंवा आक्रसते. गतिक प्रकीर्णनात धुळीचा एक कणही निकाल बिघडवितो. क्ष-किरणांच्या विवर्तन-रेषेच्या रुंदीवरून शेरर यांच्या १९१८ च्या सूत्राने मिळणारे आकारमान स्फटिकखंडाचे असते. एका कणात असे अनेक खंड असतील तर ते कणाच्या व्यासापेक्षा लहान येणारच. या दोन आकड्यांतील फरकावरून कण एकस्फटिकी आहे की बहुस्फटिकी, याचाही बोध होतो.

यावरून प्रबंधलेखनासाठी काही संकेत निष्पन्न होतात. व्यास देताना पद्धत, माध्याचा प्रकार, मोजलेल्या कणांची संख्या आणि वितरणाची रुंदी सांगावी. गतिक प्रकीर्णनासाठी माध्यम, तापमान, संहती आणि प्रकीर्णनाचा कोन नोंदवावा. रेणुभारासाठी द्रावक, शोधक आणि प्रमाणद्रव्ये यांचा उल्लेख करावा. मूलभूत तत्त्वे भिन्न असलेल्या निदान दोन पद्धती वापराव्यात आणि त्यांची उत्तरे जुळली नाहीत तर गैरसोयीचा आकडा गाळू नये. तो का वेगळा आला याचे समाधानकारक स्पष्टीकरण देता येईल, तेव्हाच त्या पदार्थाचे लक्षण निश्चित झाले असे म्हणता येईल.