अन्ननलिकेतील बटण बॅटरी
मणी, शर्टाची बटणे, लहान नाणी यांसारखी गिळलेली वस्तू एकदा जठरात उतरली की ती बहुधा काही दिवसांत शौचावाटे आपोआप बाहेर पडते. म्हणूनच अशा दहा रुग्णांपैकी एक-दोघांनाच दुर्बिणीचा उपचार करावा लागतो आणि शस्त्रक्रियेची वेळ शंभरात एखाद्यावरही क्वचितच येते. या दिलासादायक नियमाला एक भयंकर अपवाद आहे, आणि तो वजनकाट्यात, गाडीच्या किल्लीत, छोट्या रिमोटमध्ये, बोलक्या खेळण्यात बसवलेला असतो: सुमारे २० मिलिमीटर व्यासाची, ३ व्होल्टची लिथियमची बटण बॅटरी.

लहान मुलाच्या अरुंद अन्ननलिकेत ती अडकली की ओलसर अस्तराचा दोन्ही बाजूंना स्पर्श होऊन ऊतींमधून वीज वाहू लागते, ऋण टोकाशी पाण्याचे विघटन होते आणि तेथे कॉस्टिक सोड्याइतका तीव्र अल्कली तयार होऊन तो अस्तर विरघळवत खोल जातो. बॅटरी फुटण्याची किंवा गळण्याची त्यासाठी गरज नसते. घड्याळ चालवण्याइतकी ताकद न उरलेली, ‘संपलेली’ बॅटरीही हे करू शकते. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते, आणि तोवर मूल कदाचित फक्त लाळ गाळत असते किंवा घास नाकारत असते.

क्ष-किरण चित्रात नाणे आणि बॅटरी दोन्ही गोलच दिसतात. मात्र बॅटरीच्या कडेला दुहेरी वलय दिसते आणि बाजूने घेतलेल्या चित्रात तिची कड पायरीसारखी भासते. या बारीक फरकावर पुढचे सारे ठरते, कारण अन्ननलिकेतल्या नाण्यासाठी, त्रास नसल्यास, चोवीस तासांपर्यंत थांबता येते. बॅटरीसाठी मूल उपाशीपोटी नाही या कारणानेही थांबत नाहीत. पूर्ण भूल देऊन, श्वासनलिकेत नळी घालून श्वसनमार्ग सुरक्षित केला जातो आणि टोकाशी कॅमेरा असलेली लवचिक दुर्बीण तोंडावाटे उतरवून, तिच्या आतल्या अरुंद मार्गातून सरकवलेल्या दातेरी चिमट्याने किंवा जाळीने बॅटरी पकडून बाहेर काढली जाते.

फिलाडेल्फियाचे शल्यविशारद शेव्हालिये जॅक्सन यांनी घशातून व छातीतून काढलेल्या २,३७४ वस्तू तेथील म्यूटर संग्रहालयात आहेत. घरगुती कॉस्टिकने मुलांच्या अन्ननलिका जळताना पाहून त्यांनी बाटल्यांवर धोक्याची सूचना छापण्याचा आग्रह धरला आणि अमेरिकेत १९२७ मध्ये तसा कायदा झाला. बॅटरीचा कप्पा मुलांना उघडता येऊ नये यासाठीचा तिथला कायदा मात्र २०२२ मध्ये आला, याची खंत वाटते.

आपल्याकडे माशाचा काटा अडकला की केळे किंवा भाताचा गोळा गिळायला देतात. बॅटरीच्या बाबतीत असे काहीही करू नये, उलटीही करवू नये. बॅटरी गिळून बारा तास झाले नसतील आणि मूल एक वर्षाहून मोठे व नीट गिळू शकणारे असेल, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर मध, जास्तीत जास्त सहा वेळा देता येतो. त्याने इजेचा वेग मंदावतो, पण मधासाठी निघण्यास उशीर होता कामा नये. वर्षाखालील बाळाला मध देऊ नये.

बॅटरी निघाल्यावरही जखम काही काळ खोल जात राहते आणि ती महारोहिणीपर्यंत पोहोचल्यास काही आठवड्यांनंतरही प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे घरी परतलेल्या मुलाच्या उलटीत थोडेसे रक्त किंवा शौचाला काळेपणा दिसला, तरी त्याला लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते.